थोरल्याचा अर्ज

क्लॅरी विल्कोटनं रश्श्याची चव घेतली, चिमूटभर मीठ टाकलं आणि मिक डूलीला ठणकावून सांगितलं, "बघच तू. रविवारपर्यंत आमचा लेस इथे बटाटे सोलत बसलेला असेल."

फ्रान्समध्ये पायाला गोळी लागल्यापासून क्लॅरी आपल्या ऑस्ट्रेलियन पलटणीच्या भटारखान्यात होता, खंदकांपासून चार मैल मागे. धाकटा लेस दुसऱ्या पलटणीत, अगदी पुढच्या खंदकात. पण फौजेत एक चांगली रीत होती. थोरल्यानं मागणी केली की धाकट्याला त्याच्या पलटणीत धाडत. क्लॅरीनं तीन आठवड्यांपूर्वी अर्ज टाकला होता आणि तेव्हापासून स्वारी भलतीच खुशीत होती.

"त्यापेक्षा पोराचं खरं वय सांगून टाक ना साहेबाला," मिक म्हणाला. "जेमतेम अठराचं आहे ते. तडक घरी पाठवतील."

"आणि मग तो जन्मात माझं तोंड बघणार नाही. तू ओळखत नाहीस त्याला."

लेस होताच तसा. एकवीसच्या आतल्यांना भरती व्हायला बापाची सही लागायची. क्लॅरी दोन वर्षांपूर्वी एकोणिसाव्या वर्षी ती रीतसर घेऊन आला. लेसला मात्र बाप सही देईना. तेव्हा पठ्ठ्यानं गेल्या वर्षी थेट मेलबर्न गाठलं आणि बावीस पूर्ण म्हणून ठोकून दिलं. अंगानं क्लॅरीपेक्षा वीतभर उंच. कोण कशाला शंका घेतोय?

"परवा त्यांच्यातले सव्वीस गेले म्हणे," मिक हळूच म्हणाला.

"नावं वाचली मी. लेस नाहीये त्यात."

ती यादी क्लॅरीनं बोट ठेवून तीनतीनदा वाचली होती. पण हे मिकला कळू द्यायला तो काही खुळा नव्हता. त्यानं मोकळं खोकं ओढून चुलीजवळ मांडलं.

"ही त्याची जागा. धूर लागेल थोडा, पण गोळी नाही लागायची."

"लाडोबाला उशीपण आणू का?"

"आण की. तुझीच आण."

तेवढ्यात कॅप्टन ऑर्चर्ड हातात कागद घेऊन चिखलातून आले.

"विल्कोट, तुमचं भावाभावांचं काम झालं. थोरल्याचा अर्ज मंजूर."

क्लॅरीनं आरोळी ठोकली आणि मिकला उचलून गरकन फिरवलं. पळी रश्श्यात पडली. डोळ्यांत पाणी आलं तेही त्यानं पुसलं नाही.

"बघ, म्हटलं होतं ना! साहेब, कधी येतोय तो?"

"तो कुठे येतोय?" कॅप्टननी कागद पुढे केला. "अर्ज तुम्ही दोघांनीही केला होता. दप्तरात तू एकवीसचा, तो तेवीसचा. चल, सामान बांध. दोनच्या लॉरीनं तुला त्याच्या खंदकात हजर व्हायचंय."