सही

गावची विहीर सगळ्या जातींना खुली झाल्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून पंचायतीनं तिथं दगड बसवला. त्यावर सत्याग्रहींची नावं कोरली होती.

तेव्हा पहिली घागर माझ्या आत्यानं भरली होती. त्यासाठी खाल्लेल्या काठीचा वण अजून तिच्या कपाळावर आहे.

"वाच गं, माझं नाव कुठंय?" दगडापुढं उभी राहून तिनं मला विचारलं.

अकरा पुरुषांची नावं होती. त्या दिवशी आतून कडी लावून बसलेल्या माझ्या वडलांचंही होतं. शेवटची ओळ होती, 'व इतर महिला'.

मी तिचं बोट 'इतर'वर ठेवलं. ती रोज जाऊन ती अक्षरं गिरवू लागली.

ग्रामसभेत हजेरीला तिनं शाईचा पॅड बाजूला सारला. "अंगठा कशाला? सही येती मला," म्हणाली, आणि सगळ्यांदेखत सावकाश लिहिलं: इतर.