नवे मासे

हे गेल्यापासून कोरडी पडलेली माशांची टाकी मी पुन्हा मांडली. तळाशी वाळू, त्यावर दगडांची गुहा, सगळं ह्यांच्या पद्धतीनं. सिक्लिड मासे मात्र नवेकोरे, आजच आणलेले.

“रोज खायला घालणाऱ्याला हे मासे ओळखतात बरं का, काकू,” दुकानदार म्हणाला होता. “तो दिसला की काचेपाशी नुसती झुंबड!”

मी दाणे टाकले. एकानंही ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांची झुंबड बाजूच्या काचेपाशी, ह्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

मग ते हळूहळू काचेकाचेनं सरकत माझ्याकडे आले, खुर्चीतून उठलेल्या कुणाच्या तरी सोबतीनं यावेत तसे. माझ्या खांद्यामागे बघत थांबले.

मी नेहमीसारखी सरकून ह्यांना जागा करून दिली. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

कुणी नसलं तर?