हाच ना?

वाघाचा पिंजरा वनखात्याच्या गाडीवर चढला आणि सगळं गाव केवळरामकडे पाहू लागलं.

"केवळभाऊ, हाच ना?" प्रफुलने मोबाइल वाघावरून केवळरामच्या तोंडाकडे फिरवला. "गार्ड म्हणते, तपासणीले पंधरा दिवस लागतीन. तोवर मोहाची फुलं संपतीन. तुम्ही होते तिथी. तुम्हीच सांगा."

वाघ अजून गुंगीत होता. केवळरामच्या तोंडात 'हो' तयार होतं. त्याची बायको देवका मोह वेचायला गेली आणि चादरीत बांधून परत आली. तेव्हापासून जंगलात कोणी पाय टाकला नव्हता. झाडाखाली मोह सडत होता. घराघरातले डबे रिकामे होत होते. तो एक शब्द बोलला की उद्या पहाटे बाया टोपल्या घेऊन निघणार होत्या.

बोलता बोलता तो थांबला. त्यानं स्वतःलाच विचारलं, तू काय पाहिलंस?

वाघ. पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे, हा एवढा.

खरंच? तू तर पलीकडच्या झाडाखाली वाकलेला होतास. देवकाची टोपली पडल्याचा आवाज आला. वळलास, तेव्हा गवत हलत होतं. नुसतं गवत. मग पट्टे कुठून आले?

ते आले होते घराच्या ओट्यावर. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "केवढा होता?" आणि तो सांगायचा. दर वेळी वाघ थोडा मोठा व्हायचा. सांगता सांगता त्याला तो दिसायलाही लागला होता.

मग हाच आहे, असं का म्हणायचंय तुला? हा असला तर संपलं, म्हणून?

"मले नाई माहीत," केवळराम म्हणाला. "मी वाघ पाह्यलाच नाई. हा नसंल, तं तो अजून तिथीच आहे."

"अन् इतके दिवस काय सांगून राह्यले होते?" चैतू ओरडला. "बायको गेली, संग डोकंही गेलं बुढ्याचं."

कोणीतरी हसलं. प्रफुलने मोबाइल खिशात टाकला. गाडी पोंभुर्ण्याच्या रस्त्याला लागली, तसे लोकही पांगले.

देवकाची धाकटी बहीण अन्नपूर्णा मात्र तिथंच उभी राहिली. तीही याच गावात दिलेली.

"मलेही वाटलंच होतं, भाऊजी," ती म्हणाली. "हा नसंल म्हणून."

केवळरामला जरा बरं वाटलं. निदान एकीला तरी पटलं होतं.

"मग उद्या जाऊ नको," तो म्हणाला. "बाकीच्याईलेही सांग."



"जावं तं लागतेच, भाऊजी. साऱ्याच जाऊन राह्यलो. तुम्ही हो म्हटलं असतं, तं न भेता गेलो असतो."