बंधाऱ्यावरचा फोन

नांदेडच्या पूर नियंत्रण कक्षात बुद्धप्रियाने काळ्या पडद्यावर एटीडीटी, म्हणजे मोडेमने फोन लावण्याची कमांड, टाईप केली, पुढे बोरगव्हाण बंधाऱ्याचा नंबर टाकला आणि एंटर दाबलं. तिकडे घंटी वाजली. तिकडच्या कॉम्प्युटरच्या मोडेमची शिट्टी यायला हवी होती, तर स्पीकरवर माणूसच बोलला, "हालो."

बंधाऱ्याचे चौकीदार निवृत्ती, म्हणजे तिचे बाबा. वाजणारा फोन नुसता बघत बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तिने शेजारचा रिसीव्हर उचलून त्यांना झापलं. "बाबा, ठेवा तो. आता अजिबात उचलू नका. कॉम्प्युटरला उचलू द्या."

"बरं, माय."

पुढच्या खेपेला मोडेम शिट्टी मारत जोडला गेला आणि पाण्याची पातळी पडद्यावर आली. धोक्याची रेघ केव्हाच बुडाली होती. मागे उभ्या शिवशंकरसाहेबांनी सगळी दारं उघडायला सांगितली. बंधारा फुटला तर खालची गावंच्या गावं जाणार होती.

दारं उघडायची कमांड टाईप झाली आणि बुद्धप्रियाचं बोट एंटरवर थांबलं. चौकीदाराची केबिन दारांच्या खालच्या अंगाला. सगळी दारं उघडली की ती पाण्याखाली जाणार. बाबांना तिने फोन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, टेकडीवर जा म्हणायचं राहिलं होतं. मोबाईलचा टॉवर सकाळपासून बंद. आता नुसता फोन करून भागणार नव्हतं, तिसऱ्या घंटीला मोडेमच उचलणार.

तिने कमांड खोडली. किती घंट्यांनंतर मोडेमने फोन उचलायचा, ती तिकडच्या मशीनमधली ओळ उघडली, तीनाचे तीस केले आणि लाईन तोडली.

"हे काय करून बसलीस?" साहेबांचा आवाज चढला. पाणी काही थांबणार नव्हतं, आणि आता तीस घंट्या होईपर्यंत दारंही उघडता येणार नव्हती.

तिने पुन्हा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. साहेब घड्याळ बघत म्हणाले, गेले असतील वर. तिलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण न सांगता जागा सोडणारे बाबा नव्हते. रिसीव्हर कानाला लावून ती घंट्या मोजत राहिली.

घंटी मध्येच तुटली.

"उचलू नगं म्हनलीस म्हनून हातावर हात ठेवून बसलो व्हतो," बाबा म्हणाले. "पर लई वाजून राहिली. म्हनलं, मशीन एवढी वाट बघत न्हाई. ही आपली पोरगीच हाय."