धडधाकट जिभेचा माणूस

हेडफोन बिभीषण अण्णांच्या कानांवर चढवताना रोहिणीचे हात जरासुद्धा हलले नाहीत. सूड उगवताना हात असे थंडगार पडतात, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

सिरसाळ्यात ग्रामपंचायतीचं सभागृह खच्चून भरलं होतं. खरं तर अशी तपासणी बंद खोलीत, एकेकट्याची करायची असते. पण अण्णांनीच हट्ट धरला. "बंद खोलीत कावून? आमी काय चोरी करायलोत का? माईक लाव. गावाला बी ऐकू दे." रोहिणीनं माईक लावला. इतकी आज्ञाधारक ती जन्मात कधी झाली नव्हती.

अण्णांची जीभ म्हणजे काय सांगावं. ते बोलायला उभे राहिले की बाजारात तराजूचा काटा मध्येच थांबायचा, म्हशी रवंथ विसरायच्या. आष्टीच्या एका सभेत म्हणे विरोधी उमेदवारानंच टाळ्या वाजवल्या, आणि मग घरी जाऊन, बायकोची शपथ घालून, सगळ्या भावकीला अण्णांना मत द्यायला लावलं. त्याच जिभेनं अण्णांनी अंगदला संपवलं होतं. अंगद रोहिणीचा धाकटा भाऊ. शाळेच्या गॅदरिंगला भाषणाला उभा राहिला आणि पहिल्याच शब्दाला अडकला. पाहुणे म्हणून आलेल्या अण्णांनी माईक ओढला, त्याची हुबेहूब नक्कल केली आणि म्हणाले, "फटफटीत पेट्रोल न्हाई रे, ढकला कुणीतरी." गाव हसून लोळलं. पोराचं नाव त्या दिवशी फटफटी पडलं. आता पंचविशीचा बाप्या झाला, पण परळीला जायचं तरी जीपवाल्याला तोंडानं सांगत नाही, रस्त्याकडे बोट करतो.

म्हणून तर रोहिणी वाचा-उपचार शिकायला गेली. शेवटच्या वर्षाला ज्याला त्याला एक संशोधन करावं लागतं. तिनं जे यंत्र निवडलं त्याची करामत अशी, की माणूस बोलला की त्याचाच आवाज त्याच्या कानात किंचित उशिरा पोचतो. धडधाकट जीभ त्यानं भांबावते, अडखळते. आणि मुळात अडखळणाऱ्याची मात्र पुष्कळदा सुटते. अंगदनं घरी हेडफोन लावून धडा वाचला तेव्हा त्यांची आई तुळजाबाई परातीत हात तसाच ठेवून ऐकत राहिली होती.

अंगदसारखे एका गटात. तुलनेला धडधाकट जिभेची माणसं दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला आधी विचारायचं असतं, की लहानपणी कधी बोलताना अडकत होता का. अण्णांना हे कोण विचारणार? 'नाही' हे उत्तर रोहिणीनं स्वतःच भरून टाकलं. उत्तर आधी ठरवून संशोधनाला बसू नये, असं सर वर्गात घसा फोडून सांगायचे. हिनं तर हसायला गावही आधीच गोळा होऊ दिलं होतं.

"वाचा, अण्णा."

अण्णा वाचू लागले. तेलाची धार लागावी तसे वाचू लागले.

रोहिणीनं यंत्राचा दिवा पाहिला. पेटलेला होता. हेडफोन काढून तिनं स्वतःच्या कानांवर लावला आणि एक-दोन-तीन म्हणायला गेली, तर तिचीच जीभ एकावरून घसरली आणि दोनात रुतली. गाव खदखदलं. यंत्र ठणठणीत होतं.

तिनं हेडफोन पुन्हा अण्णांना चढवला. "रेकॉर्डिंगसाठी नाव सांगा."

पुढच्या रांगेतून धुळाजी उठला. अण्णांचा माणूस. दर सभेला आधी तोच उठतो. "तर मंडळी, आमच्या अण्णांचं नाव..."

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मिटले. "बिभीषण," ते म्हणाले. मग गुळाचा खडा चघळावा तसं, "बिभीषण तात्याबा." पुन्हा म्हणाले. पुन्हा. टाळ्या पडल्या. स्वतःच्या नावावर इतका खूश माणूस गावानं पाहिला नव्हता.

रोहिणी मात्र त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. इतक्या सभा झाल्या, आणि अण्णांच्या तोंडून अण्णांचं नाव ती आज पहिल्यांदा ऐकत होती. अडकणारा माणूस हुशार असला तर नडणारा प्रत्येक शब्द चुकवतो. आपलं नाव कसं चुकवणार? त्याला धुळाजीच पाळावा लागतो.

अण्णांनी डोळे उघडले. तिला कळलंय, हे त्यांना कळलं. ते माईकपासून बाजूला वळले. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "राहू दे की जरा येळ."

रोहिणीनं ते हात बाजूला केले आणि हेडफोन काढून घेतला.

"याच्याबिगर बी एकदा घ्यावं लागतं, अण्णा. समद्यांचं घेतलंय. सांगा नाव."

अण्णांचे ओठ मिटले, ते सुटेनात. मानेची शीर तट्ट फुगली. हनुवटी थरथरली. गावाला वाटलं, अण्णा नक्कल करायलेत. चार जण हसले. मग त्यांचंही हसू कुठंतरी गेलं. धुळाजी धडपडत उठला.

"आवो, आमच्या अण्णांचं नाव..."

"ख... ख... खाली बस."

माणसं वळली. मागं दारात अंगद उभा होता.

"म... मधी कुणी ब... बोलायचं न्हाई. त्येंचं त्येंना सांगू द्या."

धुळाजी बसला. अंगद दाराला पाठ टेकून वाट बघत राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती.