नुसतं 'अगं'

काचेच्या खोलीत शालनताईंचा आज सतरावा दिवस होता. अंडाशयाचा कॅन्सर उलटला म्हणून डॉक्टरांनी जबर केमो दिली होती, आणि तिने मेलेली मज्जा भरून यावी म्हणून आधीच काढून ठेवलेल्या त्यांच्याच मज्जेच्या पेशी परत अंगात सोडल्या होत्या. त्या रुजेपर्यंत जंतूंच्या भीतीने आत कुणी यायचं नव्हतं. सोबतीला उशाजवळचा स्पीकर तेवढा, आणि त्यातून मिरजेहून बोलणारा नवऱ्याचा आवाज.

"काय खाल्लंस?"

"खिचडी. तीही पोटात ठरली नाही."

"मग घोटभर पेज घे, शालन."

चादर ओढता ओढता ताईंचा हात थबकला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण या माणसाने त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. हाक मारायची ती 'अगं' म्हणून.

त्यांनी बेल दाबली. काचेपलीकडे सिस्टर आली.

"हे कोण बोलतंय?"

सिस्टरने नजर चुकवली. "यंत्र आहे, काकू. काकांचा आवाज घातलाय त्यात. पहिले चार दिवस ते स्वतः बोलले. मग म्हणाले, तिचं कण्हणं ऐकवत नाही, यंत्रालाच बोलू दे. हल्ली बरेच जण तसंच करतात."

सिस्टर गेली. केस गळाले तेव्हा ताई रडल्या नव्हत्या, आताही रडल्या नाहीत. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"शालन, झोपलीस का?" स्पीकरने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, नाव नका घेऊ. नुसतं 'अगं' म्हणा."