बेरिलचा पहिला शब्द

"ममी!" बेरिल म्हणाली, आणि धावत जाऊन मिस थ्रपच्या गळ्यात पडली.

एनिड गारसाइड दारातच थबकली. महिन्यातला भेटीचा रविवार म्हणून ओल्डहॅमहून दोन बस बदलून, मांडीवर केक सांभाळत ती आली होती. सहा वर्षांची पोर, जन्मापासून बहिरी. तिच्या तोंडून एकदा 'ममी' ऐकायचं, एवढ्याच आशेवर तिने काळजावर दगड ठेवून तिला या निवासी शाळेत ठेवलं होतं. आणि शब्द गेला मास्तरणीच्या वाट्याला!

ही हवेली पूर्वी कुठल्याशा लॉर्डाची होती. त्याच्या नाचघरातल्या मोठाल्या आरशांत आता बहिरी मुलं आपले ओठ बघत बोलायला शिकत. सगळ्या आरशांत एनिडला तेच दिसत होतं, आपली लेक दुसरीच्या गळ्यात. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ऐकलंत ना?" मिस थ्रपचा चेहरा फुलला होता. "अकरा महिने खपले मी या एका शब्दासाठी."

"दिसतंय ना. चांगलाच लळा लावलात."

"तसं नाही हो, मिसेस गारसाइड. ही नुसती सुरुवात आहे. अजून तिला—"

"अजून काय शिकवायचं राहिलंय? मला मावशी म्हणायला?"

मिस थ्रपने परोपरीने विनवलं. एकदा सोडलेली जागा दोन-तीन वर्षं मिळायची नाही, तोवर बोलायला शिकायचं वय निघून जाईल. पण एनिड ऐकेल तर ना! स्वतःला मूल नाही, म्हणून या बाईने आपलं पळवलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने नाव काढायचा कागद मागवला, उभ्या उभ्या सही ठोकली आणि रडणाऱ्या पोरीला ओढत बसपर्यंत नेलं.

दोन दिवस बेरिल तोंड फुगवून बसली. एनिडने पुडिंग केलं, नवी रिबन आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना पोरीने वर पाहिलं.

"ममी."

एनिडने तिला पोटाशी घट्ट धरलं आणि पोटभर रडली. बघा म्हणावं थ्रपबाई, कोणाची आहे ती!

तेवढ्यात दार वाजलं. रिकाम्या बाटल्या न्यायला दूधवाला आला होता. बेरिल आईच्या हातातून सुटून दाराशी पळाली आणि त्याच्या झुपकेदार मिशांकडे बघून गोड हसली.

"ममी," ती त्याला म्हणाली.